शिमग्याची सुकती

ठाण्याच्या खाडीत मी गेली काही वर्षं बोटीतून पक्ष्यांचे फोटो काढते आहे. रोहित, शेकाटे, टिलवे, सगळे मिळाले. पण घरी येऊन फोटो उघडले की दरवेळी तीच खंत. पक्ष्याची पाठ दिसते, डोळा दिसत नाही. बोटीत आपण पाण्यापासून बरेच वर असतो, त्यामुळे टिलवा चिखलावर चिकटवल्यासारखा येतो. मागे ना पाणी, ना पलीकडचा काठ. कयाकमध्ये बसलं की आपली नजर पाण्यावर जेमतेम अडीच फुटांवर येते, म्हणजे जवळजवळ बगळ्याच्याच नजरेला नजर. ते एकदा करून बघायचंच होतं. यंदा मावसभावाला सोबत घेतलं आणि देवबागची कर्ली खाडी अन् गोव्यातलं चोडण अशी पाच दिवसांची सहल ठरवली.

तारीख मी सुट्टी बघून नाही, तिथी बघून ठरवली. आजोळी आजीने शिकवलेला हिशेब अजून लक्षात आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, पहाटेही आणि दुपारीही. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी नऊ. किनाऱ्याच्या गावागणिक थोडा फरक पडतो, पण आराखडा बसवायला हा हिशेब पुरतो. मला हवं होतं ते हेच: सूर्य उगवताना पाणी उतरत असावं, चिखल नुकता उघडा पडत असावा आणि ऊन कडक व्हायच्या आत पक्ष्यांचं खाणं ऐन रंगात असावं. होळीनंतरच्या वद्य तृतीयेपासूनचे दिवस त्यात नेमके बसत होते. शिवाय फाल्गुन. परतीच्या प्रवासाआधी चिखलपक्षी अंगावर चरबी चढवत असतात आणि काहींच्या पिसांवर विणीचे रंग उतरायला लागलेले असतात.

पहिला दिवस, तृतीया: देवबाग

रात्रीच्या गाडीने सकाळी कुडाळ, तिथून रिक्षा. वाटेत तीन ठिकाणी पोरांनी आडवी काठी धरून रिक्षा थांबवली, "शबय! शबय!" शिमग्याची शबय, म्हणजे सणाची पोस्त, दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि न देता जाऊही नये. माझ्याकडचे सुटे दहा-दहाचे सगळे मालवणच्या आधीच संपले.

देवबाग म्हणजे जमिनीची चिंचोळी पट्टी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली. ज्या काकींकडे उतरलो त्यांच्या मागच्या दारातून खाडी दिसते आणि पुढच्या ओटीवर समुद्राची गाज ऐकू येते. जेवायला काळ्या वाटाण्यांचं सांबार, तिरफळं घातलेला बांगडा, उकडा भात आणि सोलकढी. काकी वाढताना म्हणाल्या, "पक्ष्यांचे फोटो काढूक इतक्या लांब? आमच्या परड्यात येतत ते काढा मगे." खरंच, दुपारी माडाच्या झावळीवर ब्राह्मणी घार येऊन बसली होती, हाकेच्या अंतरावर.

साडेचारला पाण्यात उतरलो. दोघांची मिळून एक लांब कयाक घेतली, भाऊ मागे वल्हवणार आणि मी पुढे कॅमेरा धरणार असा बेत. कयाक देणारे तात्या साठीचे, जन्म खाडीत गेलेला. मी केशरी लाइफ जॅकेटवर खाकी शर्ट चढवला होता, पक्ष्यांना भडक रंग दिसू नये म्हणून. त्यांनी तो काढायला लावला. "जाकेट वरच दिसाक होया. पक्षी उडालो तर उडांदे, तुमी बुडाक नये." पुढच्या चार दिवसांत माझ्या लक्षात आलं की पक्ष्यांना त्या केशरी रंगाचं काही नव्हतं. त्यांना हालचालीचं होतं.

त्याची पहिली झलक त्याच संध्याकाळी मिळाली. मुखाजवळच्या वाळूच्या पट्ट्यावर चिखल्यांचा (सँड प्लोव्हर) थवा होता, साठ-सत्तर तरी असतील. छातीवर विटकरी रंगाची झाक चढलेले. मी हरखले. भावाला म्हटलं, सरळ घे. कयाकचं टोक त्यांच्याकडे करून तो वल्हवत राहिला. पस्तीस-चाळीस मीटर राहिले असतील, सगळ्या माना एकदम वर झाल्या आणि थवा उडाला. एकाच वेळी वळणारा, पोटाचा पांढरा रंग चमकवणारा तो थवा सुंदर दिसत होता, पण मला पाहवेना. ते पाण्यावर दोन फेऱ्या मारून पार पलीकडच्या काठाला, भोगव्याच्या बाजूला गेले. हे चिखले तिबेटच्या पठारावर आणि मध्य आशियातल्या डोंगरांत वीण करतात, काही आपल्या लडाखमध्येही. हिमालय ओलांडण्याआधी ते इथे जो कण कण वेचतात तो त्यांचा शिधा. मी एका फोटोसाठी त्यांना जेवणावरून उठवलं होतं, आणि फोटोही मिळाला नव्हता.

परतताना दुसरी चूक भोवली. जाताना ओहोटीने आम्हाला अलगद मुखाकडे नेलं होतं, येताना तीच ओहोटी समोर उभी. वीस मिनिटांचं अंतर यायला तासाहून जास्त लागला आणि अंधार पडला. काठावर तात्या बॅटरी घेऊन उभे होते. रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "सुकतीक खाली जायत नाय. सुकतीक वर रव्हाचा, नायतर भरतीक येवचा."

सुकतीचं, म्हणजे ओहोटीचं, हे सूत्र खाडीत कयाक घालणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावं. पाण्याबरोबर जायचं असेल तर पाण्याबरोबर परत यायची वेळ आधी ठरवा. पूर्ण ओहोटीच्या दीड-दोन तास आधी निघा, ओहोटीवर खाली जा, पाणी थांबतं तेवढा वेळ फोटो काढा आणि चढत्या भरतीवर परत या. वल्हवायला लागतच नाही फारसं, हात कॅमेऱ्याला मोकळे राहतात. संध्याकाळी पाणी उतरत असेल तर जिथून निघालात त्या काठाच्या वरच्या अंगालाच राहा. आणि दोघांची कयाक फोटोसाठी घेऊ नका. पुढच्याने कॅमेरा रोखावा आणि मागच्याने एक हात मारावा, की चौकटीतून पक्षी गेलाच. दुसऱ्या दिवसापासून आम्ही एकेकट्याच्या कयाक घेतल्या. बाराएक फुटी, रुंद तळाच्या, वर बसायच्या.

दुसरा दिवस, चतुर्थी: चिखलात तासभर

पहाटे बाहेर आले तर समोर काही नाही. धुकं. माड नाही, खाडी नाही, काकींची विहीरसुद्धा पुसट. काकींना काळजी आंब्याची, "मोहोर गळतलो ह्या धुक्यान." सव्वासहाला तरी निघालो, काठाला धरून. पाण्यावर वल्ह्याचे थेंब पडल्याचा आवाज आणि कुठेतरी टिलव्याची शीळ, तीन सुरांची, उतरत जाणारी. खाडीत काहीही वावगं झालं की पहिली हाळी टिलवा देतो, आणि त्याची हाळी ऐकली की बाकीचे सगळे उठतात. म्हणून त्या दिवशी मी ठरवलं, टिलव्याला सांभाळायचं. तो शांत राहिला तर सगळी खाडी शांत राहील.

सूर्य वर आल्यावर धुकं पांढऱ्याचं पिवळं झालं आणि त्यात समुद्री बगळा दिसला. गडद राखी, गळ्यावर पांढरा ठिपका. त्याच्या शेजारी तसाच दुसरा, पण पांढराशुभ्र. दोन जाती वाटाव्यात, पण जात एकच, रंग दोन. पांढरा बगळा टिपताना कॅमेऱ्याला उजेड एक घर कमी द्यायला सांगावं लागतं, नाहीतर काळ्या चिखलासमोर पिसं जळून नुसता पांढरा डाग उरतो. राखी बगळ्याला मात्र ती कसर भरून काढावी लागते. दोघं एका चौकटीत आले की पांढऱ्याला सांभाळायचं. काळं नंतर उजळता येतं, जळालेलं पांढरं परत येत नाही.

साडेआठच्या सुमारास मी भावापासून वेगळी होऊन कांदळांच्या एका फाट्यात शिरले. तात्यांनी बजावलं होतं, "मधल्या पाण्याक धरून रव्हा. कडेक गेलात तर रुतशात." मी कडेला गेले. दोन तुतवार शेपट्या हलवत चालले होते, त्यांच्या मागे. कयाकचा तळ खरखरला, मग मऊ झाला, मग कयाक थांबली. वल्हं रोवून ढकलून पाहिलं तर वल्हंच हातभर आत गेलं. पाणी अजून उतरतच होतं.

खाली उतरणं हा मूर्खपणा ठरला असता. खाडीचा चिखल कमरेपर्यंत ओढतो. मी भावाला शिट्टी मारून सांगितलं की मी ठीक आहे, फोन काढून तात्यांनाही कळवलं. "रव्हा थयच. भरती येतली," एवढंच बोलले. टोपी पुढे ओढून, कॅमेरा मांडीवर घेऊन बसून राहिले.

पाच-सात मिनिटांनी चिखल हलायला लागला. आधी निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, बाहेर आल्या, पाठीवरचा पर पंख्यासारखा उघडत, एकमेकींवर डाफरत. मग खेकडे. एकच नांगी अंगापेक्षा मोठी असलेले ते छोटे नर खेकडे बिळांच्या तोंडाशी उभे राहून ती नांगी वर-खाली करत होते. सगळा पट्टाच कुणाला तरी बोलावतो आहे असं वाटत होतं. आणि त्यांच्यामागून, कांदळाच्या मुळांआडून, छोटा कोरल (व्हिम्ब्रेल) चालत आला.

मी इतक्या जवळून हा पक्षी कधी पाहिला नव्हता. डोक्यावर दोन गडद पट्टे, मध्ये फिकी रेघ, आणि खाली वाकलेली लांब चोच. आधी वीस मीटर, मग बारा, मग माझ्या कयाकच्या टोकापासून चार-पाच. माझ्याकडे एक डोळा करून थांबला, पाहिलं आणि पुन्हा कामाला लागला. खेकडा बिळात पळाला की हा चोच आत घालतो, आणि चोचीचं वळण बिळाच्या वळणाला असं बसतं, की कुलपात किल्ली. मान तिरकी करून चोच फिरवतो, डोळे अर्धे मिटतात, आणि खेकडा नांगीला धरलेला बाहेर येतो. मग तो लगेच गिळत नाही. चिखलात साचलेल्या ओंजळभर पाण्याकडे चालत जातो, खेकडा दोन-तीनदा बुडवून हलवतो, मोठी नांगी झटकून तोडतो, पुन्हा धुतो, आणि मग मान वर करून गिळतो. गळ्यातून खाली जाणारा खेकड्याचा आकार मला बाहेरून दिसत होता. तुटलेली नांगी पाण्यात तशीच पडून होती, अजून उघडमीट करणारी.

असे त्याने माझ्यासमोर सहा खेकडे खाल्ले. पहिल्या दोनांचे फोटो मी काढलेच नाहीत. कॅमेरा डोळ्याला लावायला हात उचलावा लागला असता. तिसऱ्या वेळी तो पाठमोरा असताना हळूच उचलला. आवाजाचं शटर बंद, वेग दोन हजारांश सेकंद, कारण झटकलेल्या थेंबांना थिजवायचं तर त्याखाली चालत नाही, आणि कयाक रुतलेली असली तरी माझा श्वास होताच. डोळ्यावर फोकस. पाठीमागे धुक्याचा उरलासुरला पडदा.

साडेनऊनंतर पाणी परतलं. आधी चिखलातल्या रेघा भरल्या, मग कयाकच्या दोन्ही बाजूंनी फेस आला आणि एका क्षणी तळ सुटल्याचं अंगाला कळलं. कोरल तोवर वरच्या पट्ट्यावर गेला होता, चालतच. उडाला नाही. हे मला त्या फोटोंपेक्षा मोलाचं वाटतं.

काठाला आले तर पलीकडच्या उथळ पाण्यात चार बायका लुगडी खोचून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढत होत्या. पायाने चाचपायचं, लागलं की वाकून हाताने काढायचं, कमरेच्या टोपलीत टाकायचं. त्यांच्यापासून दहा हातांवर टिलवे आणि तुतवार निर्धास्त चरत होते. रोजच्या ओळखीचे. मी त्यांना पडद्यावर कोरलचा फोटो दाखवला. त्यातल्या सगळ्यांत वयस्क आजी बघतच राहिल्या. "ह्येका रोज बघतंय, पण तोंड आज बघलंय," म्हणाल्या. हे पक्षी आता जाणार का, असं त्यांनीच विचारलं. मी म्हटलं हो, उत्तरेला, पार रशियाकडे. त्या हसल्या. "म्हणजे ह्ये उलटे चाकरमानी. आमचे शिमग्याक येतत, ह्ये शिमगो झालो की जातत."

त्यांनी मूठभर तिसऱ्या माझ्या डब्यात टाकल्या. पैसे घेतले नाहीत, "शबय" म्हणाल्या. काकींनी दुपारी त्याचं ओल्या खोबऱ्यातलं सुकं केलं आणि सोबत घावणे.

एक सांगायलाच हवं. दहा वाजता मुखाजवळ पाण्यावरचे खेळ सुरू होतात. वेगाने धावणाऱ्या मोटारबोटी, बनाना बोटी, कर्णे. त्यावर गावातल्या पोरांचं पोट आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण आम्ही पाहिलं, एक चालक पर्यटकांना "पक्षी उडवून दाखवायला" वाळूच्या पट्ट्याजवळून मुद्दाम दोनदा गेला. सकाळी तिथे परतलेले चिखले पुन्हा उठले. मी त्या मुलाशी काठावर बोलले, शांतपणे. त्यालाही ठाऊक नव्हतं की ते हजारो किलोमीटर जाणारे आहेत. त्याला मी अशाच लांब जाणाऱ्या गॉडविट नावाच्या एका चिखलपक्ष्याचं सांगितलं. २०२२मध्ये अलास्काहून निघालेलं ते पिल्लू अकरा दिवस कुठेही न उतरता उडत टास्मानियाला पोचलं, १३,५६० किलोमीटर. "खाल्ल्याशिवाय?" त्याने विचारलं. खाल्ल्याशिवाय, निघण्याआधी जे खाल्लं त्यावर. तो बराच वेळ वाळूच्या पट्ट्याकडे बघत होता.

तिसरा दिवस, पंचमी: पणजीकडे

सकाळी पुन्हा दोन तास पाण्यात. पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन एक काका कमरेएवढ्या पाण्यात उभे होते, त्यांच्या मागोमाग राखी बगळा. पाग पडला की निसटलेले मासे त्याचे. पांढऱ्या चिपीच्या झाडांखालचा हा फोटो मला आवडतो. चिपीची बोटांसारखी वर आलेली मुळं, त्यांत उभा बगळा, आणि मागे धूसर काका. महाराष्ट्राने २०२०मध्ये पांढऱ्या चिपीला राज्याचा कांदळवृक्ष जाहीर केलं. इथल्या माणसांना मात्र ती माशांच्या पिल्लांचं घर म्हणून आधीपासून ठाऊक आहे.

दुपारी निघालो. रंगपंचमी असल्याने रस्ताभर रंगलेली माणसं. तीन तासांत पणजी. रायबंदरच्या जुन्या दगडी बांधरस्त्यावरून जाताना गाडी थांबवलीच. पोर्तुगिजांनी १६३३-३४च्या सुमारास बांधलेला हा तीनेक किलोमीटरचा रस्ता, आणि त्याच्या कडेची मिठागरं. पावणेचारला भरती भरली होती, आणि म्हणूनच मिठागरांत गर्दी होती. नदीतला चिखल पाण्याखाली गेला की चिखलपक्ष्यांना उभं राहायला जागा उरत नाही. मग ते मिठागरांच्या उथळ पाण्यात येऊन एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपतात. लाल पायांचे शेकाटे, टिलवे, बारके चिखले, सगळे वाऱ्याकडे तोंड करून. सहा तास जेवण, सहा तास विसावा, दिवस असो की रात्र. म्हणून भरतीच्या वेळी झोपलेला थवा दिसला तर त्याच्या जवळ जाऊ नका. तिथे फोटो रस्त्यावरूनच काढावा, आणि लांबची लेन्स नसेल तर दुर्बिणीतून बघावं.

रायबंदरहून फेरीने पलीकडे चोडण.

चौथा दिवस, षष्ठी: चोडणची मानस

चोडणच्या पश्चिम टोकाला डॉ. सालीम अली पक्षी अभयारण्य आहे, १९८८पासूनचं, अवघं १.७८ चौरस किलोमीटरचं कांदळवन. त्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरायचं नाही. आम्ही बाहेरच्या अंगाने, स्थानिक वाटाड्यासोबत गेलो. सातला पाण्यात, पूर्ण ओहोटी साडेदहा-पावणेअकराची. मांडवी कर्लीसारखी घरगुती नाही. फेऱ्या आहेत, बार्ज आहेत, पणजीच्या बाजूला कॅसिनोच्या बोटी आहेत. बार्ज लांबून शांत दिसतो, पण त्याच्या लाटा दोन मिनिटांनी पोचतात. त्या आडव्या घेतल्या तर कयाक उलटते. कॅमेरा पिशवीत, पिशवीचं तोंड तीन घड्या घालून बंद, आणि कयाकचं नाक लाटेकडे. आमच्या वाटाड्याने हे आधी सांगितलं म्हणून निभावलं.

त्या सकाळी मी पक्ष्याजवळ जायची रीत नीट शिकले. टोक त्याच्याकडे कधीच करायचं नाही. त्याच्या पुढे कुठेतरी, तिरकं, नुसतं ओघावर सोडून द्यायचं, वल्हं मांडीवर आडवं. तो खायचा थांबला की आपण थांबायचं. टिलवा डोकं वर-खाली उडवायला लागला की तो आपल्याबद्दल विचार करतो आहे. तेव्हा वल्ह्याच्या पात्याने दोन हात मागे सरकायचं. चोच पुन्हा चिखलात गेली की मगच कॅमेरा. हे करताना चोचीचं एक नवल समोर आलं. तुतवाराच्या कुळातल्या पक्ष्यांच्या चोचीचं टोक चिखलाच्या आत, बाकी चोच मिटलेली असताना, तेवढंच उघडतं, आणि त्या टोकाला स्पर्श कळतो. म्हणून ते न बघता टोचत जातात. चिखल्याचं तसं नाही. त्याचे डोळे मोठे, चोच आखूड, तो धावतो, थबकतो, बघतो, टिपतो. एकदा हा फरक कळला की पुढची हालचाल आधी ओळखता येते आणि शटर वेळेवर दाबलं जातं.

पण खरा नवलाईचा भाग नंतर, पाण्याबाहेर. ज्यांच्या घरी उतरलो ते काका निवृत्त, शेती खाजणाची. जेवणात हुमण, उकड्या तांदळाचं शीत आणि ओल्या काजूची भाजी. पण जेवणाआधीच, ओहोटी सरायच्या आत, ते बांधावरून मानस दाखवायला घेऊन गेले. खाजण म्हणजे नदीच्या पातळीखालची जमीन, शतकानुशतकं बांध घालून राखलेली. त्या बांधात मानस, लाकडी दारांची. "भरती आयली काय दार आपशींच बंद जाता," काकांनी हाताचे दोन पंजे मिटवून दाखवले. ओहोटीला आतलं पाणी दार ढकलून बाहेर येतं. कुठली कळ नाही, यंत्र नाही, पाण्याचाच दाब. आत खारं सोसणारा कोरगुट भात आणि भात निघाला की मासे.

दार उघडलं होतं आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी बगळ्यांची रांग होती. अकरा. मोठे बगळे मागे, लहान पुढे, एका कडेला जांभळा बगळा आणि दगडावर वंचक. समुद्री बगळा पिवळे पाय पाण्यात थरथरवून मासे उठवत होता. इथे कयाक नेऊ नये, मानशीच्या तोंडाचा ओघ ओढतो. मी बांधावर पोटावर पडून फोटो काढले, काका माझे पाय धरून उभे.

"तुमी येतात पळोवपाक, हें बरें," ते परतताना म्हणाले. त्यांच्या पलीकडच्या तीन शेतांचे बांध फुटले आहेत आणि दुरुस्त करणारं कुणी नाही. तिथे आता नुसतं खारं पाणी आहे. बगळ्यांची ती रांग तरुण पोरांनी पाहायला हवी, असं त्यांना मनापासून वाटतं. मलाही वाटतं. बांध टिकला तर भात, मासा आणि बगळा तिन्ही टिकतात.

पाचवा दिवस, सप्तमी: कुंभारजुवे

कुंभारजुव्याच्या कालव्यात आम्ही कयाक घातली नाही, ठरवून. तिथे मगरी आहेत, आणि कयाकमध्ये माणूस पाण्यापासून हातभर वर असतो. मोटारबोट केली. दोन मगरी पाहिल्या, एक चिखलावर तोंड उघडून पडलेली, तिच्यापासून थोड्या अंतरावर तुतवार चरत होता. बोटवाल्याने दुर्भाटकडच्या मानगे थापणीचं सांगितलं. पौष अमावस्येला तिथले लोक चिखलाची मगर घडवून तिची पूजा करतात, शेताचे बांध आणि माणसं सांभाळ म्हणून. फोटो वरूनच आले, बोटीतले येतात तसे. झाडावर लेसर अॅडज्युटंट करकोचा मिळाला, त्याला मात्र खालून बघायचं असल्याने बोट चालून गेली.

निघायच्या आधी सामानाचं थोडं. खारं पाणी कॅमेऱ्याला पावसापेक्षा वाईट. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने कॅमेरा, लेन्स, पट्टे पुसा, मग कोरड्याने. कॅमेरा थंड खोलीतून थेट पहाटेच्या दमट हवेत काढला तर काच धुरकटते, म्हणून रात्री तो पंख्याच्या खोलीत ठेवा. वल्ह्याला दोरी बांधा. गुडघ्यांवर जुना टॉवेल हवाच, कॅमेरा झाकायलाही आणि थेंब टिपायलाही. १००-४००ची लेन्स पुरते. त्याहून जड हातात धरवत नाही आणि कयाकवर तिपाई निरुपयोगी. सकाळचं ऊन पाण्यावरून उलटूनही लागतं, हाताच्या पाठींना मलम लावा. माझ्या अजून सोलवटलेल्या आहेत.

ठाण्याला आल्यावर कोरलच्या तीन फोटोंच्या मोठ्या छापील प्रती काढून देवबागला पाठवल्या. एक तात्यांना, एक काकींना, एक त्या आजींना. परवा, चैत्र उतरणीला लागल्यावर, काकींचा फोन आला. आधी आंब्याचं बोलल्या, मोहोर गळाला पण पायरी थोडी लागली आहे. मग म्हणाल्या, आजी निरोप सांगायला सांगत होती. "तुझो तो वाकड्या चोचीचो काल सुकतीक एकटोच होतो. आज दिसाक नाय."